वळवाचा पाऊस, काकडीवरचे डाग आणि कारखान्याचा गंधक

फडकरी (रविवार, रात्री ९:१२)

मंडळी नमस्कार. बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी तालुक्यात आमचं सहा एकर रान. चार एकर ऊस, थोडा भुईमूग-सोयाबीन आणि विहिरीच्या कडेला वीस गुंठे काकडी. परवा गुरुवारी सांजच्याला वळीव झाला, पंधरा-वीस मिनिटं, हरभऱ्याएवढ्या गारांसकट. शुक्रवारी सकाळी फडात गेलो तर काकडीच्या पानांच्या कडा करपलेल्या आणि मधे मधे पांढरट-तपकिरी डाग. आदल्या आठवड्यात पान अगदी हिरवंगार होतं.

पुतण्यानं लगेच मोबाइल पुढे केला. "आम्लवर्षा येतेय, पावसात भिजू नका, केस गळतील" असं काहीतरी फिरतंय. एरवी मी असल्या गोष्टींना हसतो, पण आमच्या गावापासून साखर कारखान्याची चिमणी दिसते. ऊस घालायला गेलो की गोडाऊनला पिवळ्याधमक गंधकाच्या पोत्यांची थप्पी लागलेली असते, ती ह्याच डोळ्यांनी बघितलीय. शिवाय गोठ्याचा पत्रा सात वर्षांत चाळणी झाला. बापानं घातलेला पत्रा पंचवीस वर्षं टिकला होता.

तेव्हा सरळ विचारतो. कारखान्याचा गंधक वर जाऊन पावसातनं माझ्या काकडीवर पडतोय का?

खट्टामिठा (रविवार, रात्री ९:३०)

वरनं लिंबू पिळलं, खाली काकडी. अण्णा, कोशिंबीर तयार आहे, मीठ तेवढं घाला.

फडकरी (रविवार, रात्री ९:३४)

हसा. वीस गुंठ्यांचा खर्च तुमच्या नावावर लावतो.

रसायनवाल्या बाई (रविवार, रात्री १०:५१)

फडकरी अण्णा, प्रश्न चांगला विचारलात. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. जरा लांबण लागेल.

आधी एक गोष्ट पक्की करू. पावसाचं पाणी मुळातच किंचित आंबट असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळतो आणि पीएच (आंबटपणाचं माप; ७ म्हणजे शुद्ध पाणी, त्याच्या खाली आंबट) ५.६ च्या आसपास येतो, म्हणजे सोडा-बाटलीचाच प्रकार, फक्त फार फार सौम्य. तेव्हा पीएच ७ च्या खाली गेला म्हणून आम्लवर्षा म्हणायचं नाही. ह्या मापात एक अंक खाली म्हणजे आम्ल दहापट. ५.६ आणि ४.६ यांत 'एकाचाच तर फरक' नसतो.

आता गंधक. कोळसा, डिझेल, भट्टीचं तेल, काहीही जाळा. त्यात गंधक असेल तर त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. हा वायू पावसात नुसता धुऊन खाली येतो अशी बऱ्याच जणांची समजूत असते. थोडा येतो, पण खरं काम ढगात होतं. कोरड्या हवेत ऊन आणि हायड्रॉक्सिल नावाचा अल्पायुषी मूलक (अर्धवट रेणू, दिसेल त्याला चिकटणारा) त्याला हळूहळू सल्फ्युरिक आम्लाकडे नेतात, त्याला काही दिवस लागतात. पण तोच वायू ढगाच्या थेंबात शिरला आणि त्या थेंबात हायड्रोजन पेरॉक्साइड असला (हो, जखमेवर लावतात तेच, हवेत ते आपोआप तयार होतं), तर हेच काम काही मिनिटांत ते तासाभरात उरकतं. ओझोनही हातभार लावतो. धुळीतलं लोखंड नि मॅंगनीज असेल तर हवेतला साधा ऑक्सिजनसुद्धा.

आणि गंमत म्हणजे बहुतेक ढग बरसतच नाहीत. जमतात, विरतात. थेंब सुकतो आणि त्यात तयार झालेलं सल्फेट (सल्फ्युरिक आम्लाचा गंधक-ऑक्सिजनवाला भाग) बारीक कण होऊन हवेत राहतं. तोच कण पुढच्या ढगाचं बीज होतो, त्याच्यावर पुन्हा वाफ जमते. पावसाच्या एका थेंबात ढगातले दहा लाखांच्या घरातले सूक्ष्म थेंब एकवटलेले असतात, तेव्हा त्या सगळ्यांचं सल्फेट एका थेंबातून खाली येतं. वाटेत ढगाखालच्या हवेतली धूळ-धूर तो थेंब पुसून आणतो ते वेगळंच. म्हणून पहिल्या सरीचं पाणी सर्वांत घाण, आणि दोन तास कोसळल्यावरचं बरंच स्वच्छ.

हिशोब हवा असेल तर: १ किलो गंधक जळला की २ किलो सल्फर डायऑक्साइड, आणि तो सगळा ऑक्सिडाइझ झाला तर जवळजवळ ३ किलो सल्फ्युरिक आम्ल. वजन वाढतं, कारण ऑक्सिजन आणि पाणी हवेतून फुकट मिळतं.

तुमच्या काकडीबद्दल मात्र मला शंका आहे. पानावर डोळ्यांना दिसण्याजोगी इजा व्हायला पाऊस फारच आंबट लागतो, पीएच ३ च्या आसपास. म्हणजे जवळपास व्हिनेगर. आपल्याकडच्या वळवात ते होणं कठीण आहे. का, ते उद्या सांगते.

पॅनमन (सोमवार, सकाळी ६:२०)

पाळी संपवून आलो, झोपायच्या आधी लिहितो. कारखान्यात सव्वीस वर्षं, कुठल्या ते विचारू नका.

फडकरी, पोती तुम्ही बघितली ती खरी. आपल्याकडची पांढरी साखर बहुतेक सल्फिटेशनवर होते. सल्फर बर्नरमध्ये गंधक जाळायचा, तो वायू रसात सोडायचा, सोबत चुन्याची निवळी. गाळ धरतो, रस उजळतो. उसाच्या टनाला साधारण अर्धा किलो गंधक लागतो. तुमच्या चार एकरांतनं दीडशे टन आला तर पंच्याहत्तर किलो. पण तो काय सगळा चिमणीतनं जात नाही हो! बराचसा चुन्याशी बांधला जाऊन प्रेसमडमध्ये (रस गाळून उरलेल्या गाळात) जातो, जी तुम्हीच ट्रॉली भरून रानात नेता. हवेत जातो तो गळतीचा. सल्फिटर (वायू रसात सोडायची टाकी) नीट नसला, बर्नर थंड असला की जातो, आणि तेव्हा आमच्याच घशाला आधी कळतं. ठसका लागतो, डोळ्यांतनं पाणी. माल वाया जातोय म्हणून केमिस्ट पण ओरडतो.

चिमणीतनं दिसतं ते बहुतेक वाफ आणि बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची राख. बगॅसमध्ये गंधक जवळजवळ नाहीच. दोरीवरच्या कपड्यांवर काळे पापुद्रे पडतात ते राखेचे. त्याबद्दल शिव्या द्या, ऐकून घेतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. गाळप बंद कधी झालं? मार्चमध्ये. तुमचा वळीव मेमधला. चूल विझून दोन महिने झाले, मग फोडणी कुणाची?

फडकरी (सोमवार, दुपारी १:०५)

फोडणीचं पटलं. पण डिस्टिलरी बारा महिने चालते ना? तिच्या बाजूनं वारा आला की कुजलेल्या अंड्याचा वास येतो.

पॅनमन (सोमवार, रात्री ८:४०)

तो वास स्पेंटवॉशचा, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याचा. हायड्रोजन सल्फाइड. बॉयलरला कोळसा लावला असेल तर तेही धरा. ते नाकारत नाही.

रसायनवाल्या बाई (सोमवार, रात्री ९:५८)

आणि तो हायड्रोजन सल्फाइडही हवेत पुढे सल्फर डायऑक्साइडच होतो. वास नाकाला फार लवकर कळतो म्हणून तो जास्त वाटतो. सल्फर डायऑक्साइडला तितकं तीव्र नाक नाही आपलं. जो कळत नाही तो जास्त असू शकतो.

कालचा राहिलेला भाग. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे हवेत काय असतं? धूळ. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडची काळी रानं नांगरून उघडी पडलेली असतात, रस्त्याची धूळ, चुनखडीचे कण. ह्या धुळीत कॅल्शियम कार्बोनेट असतं. अॅसिडिटीला आपण खडूसारखी गोळी चघळतो, तीच गोळी पावसाच्या थेंबाला वाटेत मिळते. शिवाय गोठे, शेणखत, युरिया यांतून उडणारा अमोनिया. दोघं मिळून सल्फ्युरिक आम्लाचं कॅल्शियम सल्फेट आणि अमोनियम सल्फेट करून टाकतात. म्हणूनच भारतात बऱ्याच ठिकाणी पावसाचा पीएच ५.६ च्या वरच भरत आलाय, वायव्येकडच्या धुळीच्या पट्ट्यात तर ७ च्या आसपास. युरोपातल्या ओल्या, हिरव्या, गवताळ मुलखावर एवढी धूळ उडत नाही. तिथे आम्लाला अडवणारं वाटेत कुणी भेटलं नाही.

ह्याचा अर्थ गंधक पावसात नाही असा नाही. आहे, फक्त त्याचं आम्ल मेलंय.

पतसंस्थेचा कारकून (सोमवार, रात्री १०:२०)

बाई, म्हणजे पीएच ही खात्यातली शिल्लक झाली, उलाढाल नव्हे. वर्षाखेरीला शिल्लक शून्य असलेल्या खात्यातनं कोट फिरलेले असतात. आमच्याकडे अशी दोन-तीन खाती आहेत.

रसायनवाल्या बाई (सोमवार, रात्री १०:२६)

अगदी बरोबर! तीस वर्षांत मला हे इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नाही. उलाढाल बघायची तर सल्फेट मोजावं लागतं, लिटरला किती मिलिग्रॅम. नुसता पीएच बघून 'पाऊस शुद्ध' म्हणणं म्हणजे शिल्लक बघून खातं बंद आहे म्हणण्यासारखं.

जांबोटीची कुसुम (मंगळवार, सकाळी ७:१५)

आमच्याकडे खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीला जूनपासून धूळ औषधालाही नसते. मग आमच्या पावसाला गोळी कोण देणार?

रसायनवाल्या बाई (मंगळवार, सकाळी ११:४०)

चांगला मुद्दा. तुमच्याकडे जुलैत वारा थेट समुद्रावरून येतो. त्यात मिठाचे कण असतात, आणि समुद्राच्या मिठात स्वतःचंच सल्फेट असतं. १ ग्रॅम सोडियममागे साधारण पाव ग्रॅम. मोजणारे आधी सोडियम मोजतात, त्यावरून समुद्राचा वाटा वजा करतात आणि उरलेलं सल्फेट इतरांच्या नावावर टाकतात. त्या उरलेल्यातही सगळं माणसाचं नसतं. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींमुळे डायमिथिल सल्फाइड नावाचा वायू निघतो, त्याचंही शेवटी सल्फेटच होतं. आणि घनदाट रानातून फॉर्मिक-अॅसेटिक आम्लं हवेत येतात. तेव्हा जांबोटीला पीएच ५.६ च्या थोडा खाली भरला तर लगेच कुणाच्या नावानं बोंब मारायची नाही. रान आणि समुद्रही थोडे आंबट असतात.

खट्टामिठा (मंगळवार, दुपारी १२:०२)

चोर्ल्याच्या कोकमाचाही वाटा धरा.

अनगोळचा पोरगा (मंगळवार, संध्याकाळी ५:३०)

मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला. काल रात्री आमच्याकडं पण पाऊस झाला, गच्चीवर स्टीलचं पातेलं ठेवलं होतं. पीएचची पट्टी बुडवली. पट्टी पिवळट-हिरवी, ६ आणि ७ च्या मधे. आज परत बुडवूलालोय तर वेगळंच दाखवूलालंय. मग आजीच्या जास्वंदीची फुलं उकळून त्याचा रस घातला, तर रंग जांभळाच राहिला, गुलाबी झाला नाही. बाई, कुठलं खरं?

रसायनवाल्या बाई (मंगळवार, रात्री ९:१०)

शाब्बास, पातेलं ठेवलंस ते उत्तम. पण पट्टीवर फार भरवसा ठेवू नकोस. पावसाच्या पाण्यात क्षार इतके थोडे असतात की पट्टीतला रंगच स्वतः आम्ल किंवा अल्क (आम्लाच्या उलटं) असल्यासारखा वागतो आणि पाण्याचा पीएच ढकलतो. तळ्याच्या पाण्याला पट्टी चालते, पावसाला नाही. मीटर लागतो, तोही कमी क्षारांच्या पाण्यासाठी नीट जुळवलेला, आणि आकडा स्थिरावायला वेळ देऊन. पातेलं रात्रभर उघडं होतं ना? पाऊस थांबल्यावर त्यात जी धूळ पडली ती धरून तू आज मोजलंस. संशोधक केंद्रांवर झाकणाचे डबे ठेवतात, पहिला थेंब पडला की झाकण सरकतं आणि पाऊस थांबला की बंद होतं. भारतीय हवामान खात्याची अशी केंद्रं आहेत, पुण्यात, नागपुरात, कोडाईकनालला, अगदी मिनिकॉय बेटावरसुद्धा.

जास्वंदीचा प्रयोग आवडला. पाऊस फार आंबट असता तर गुलाबी झालाच असता.

औषध फवारणीवाले काका (मंगळवार, रात्री १०:४४)

सगळे वर ढगात बघताय, मी जरा पंपाकडे बघतो. फडकरी, गारपिटीच्या आधी चार-पाच दिवसांत काय मारलं होतं काकडीवर?

फडकरी (बुधवार, सकाळी ६:०५)

भुरी (पानावरची पांढरी बुरशी) दिसायला लागली म्हणून मंगळवारी गंधक मारलं. ८० टक्केवालं, पाण्यात मिसळायचं.

औषध फवारणीवाले काका (बुधवार, सकाळी ६:३०)

किती वाजता?

फडकरी (बुधवार, सकाळी ६:४१)

सकाळी लाइट नव्हती, पाणी ओढायला दुपार झाली. बारा-साडेबारा असतील.

औषध फवारणीवाले काका (बुधवार, सकाळी ७:००)

बघा आता. मेच्या उन्हात दुपारी काकडीवर गंधक! काकडी, दोडका, कलिंगड ह्या वेलांना गंधक सोसत नाही, त्यात पारा ३२-३५ च्या वर गेला की पान करपतंच. आधी कडा जातात, मग मधे पांढरट-तपकिरी डाग. तुम्ही लिहिलंय तेच. अथणीकडचे द्राक्षवाले हेच गंधक भुरीला वापरतात, पण थंड वेळ बघून. गारांनीही मार दिला असेलच, पण गारेचा मार वरच्या बाजूनं, फाटल्यासारखा आणि एका अंगाला जास्त असतो. खालच्या, झाकलेल्या पानांच्याही कडा करपल्यात का बघा. तिथं गार पोचत नाही, फवारा पोचतो.

फडकरी (बुधवार, सकाळी ९:५०)

बघून आलो. खालची पण करपलीत.

म्हणजे गंधकच, पण माझाच. बरं झालं कारखान्यावर अर्ज लिहिला नाही, पुतण्यानं मसुदा तयार केलता.

पॅनमन (बुधवार, सकाळी १०:१५)

पुढच्या हंगामात चहा पाजा.

हवालदार (निवृत्त) (बुधवार, रात्री ८:००)

नंदगडजवळचा. मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं झाली, त्यातली दोन थंड्या लडाखात द्रासकडे. तुमचं पावसाचं चाललंय, मी बर्फाचं विचारतो. वर पोस्टवर आम्ही बर्फ वितळवूनच पाणी करायचो. दहा डबे भुसभुशीत बर्फ घातला की जेमतेम एक डबा पाणी. उस्ताद आधीच सांगायचा, बंकरजवळचा घ्यायचा नाही, वाऱ्याच्या अंगाचा, वरचा, ताजा घ्या. बंकरजवळचा रॉकेलच्या बुखारीनं (ऊब देणाऱ्या शेगडीनं) काळा पडलेला असायचा. ताज्या बर्फाचं पाणी एकदम पांचट लागायचं, चवच नाही. पण उन्हाळ्याच्या तोंडाला जुना बर्फ पाझरायला लागला की पहिलं पाणी कसंतरीच लागायचं, जिभेला चरचर. पुढं आठ-दहा दिवसांत ओढ्याचं पाणी परत ठीक व्हायचं. आम्ही म्हणायचो, डोंगरानं चूळ भरली. ह्याला काही शास्त्र आहे का आमचीच जीभ?

रसायनवाल्या बाई (बुधवार, रात्री १०:३६)

हवालदार साहेब, जिभेनं नेमकं काय टिपलं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, मातीचे क्षारही असतील. पण 'चूळ भरली' हे शब्द मात्र मी वर्गात वापरले असते.

बर्फाचा कण आणि पावसाचा थेंब यांची घडणच वेगळी. पाकळ्यांचा हिमकण वाढतो तो वाफेतून, पाण्याचा एकेक रेणू रचत. त्या रचनेत परक्याला जागा नसते. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, बर्फात जवळजवळ नाही. शिवाय हिवाळ्यात ऊन कमी, म्हणून ढगात हायड्रोजन पेरॉक्साइडही कमी. म्हणून तुमचा ताजा बर्फ पांचट. पण हिमकण पडताना गोठणबिंदूखालीही पाणीच राहिलेल्या ढगातल्या थेंबांतून गेला, तर ते थेंब त्याला चिकटून गोठतात, आणि त्यांच्यातलं सल्फेट फुकटात सोबत येतं. असा बर्फ दाणेदार दिसतो. आपल्या वळवातली गार म्हणजे ह्याचंच टोक. ती जवळपास सगळीच अशा थेंबांनी वाढलेली असते, कांद्यासारखी थरावर थर.

पाऊस पडला की वाहून जातो. बर्फ चार-पाच महिने तिथेच पडून राहतो आणि हवेतून जे बसेल ते साठवतो. मग तुमच्या 'चुळी'चं काय होतं? लहानपणी यात्रेत बर्फाचा गोळा खाल्लाय ना? पहिल्या दोन चोखण्यांत सगळा काला-खट्टा तोंडात येतो आणि हातात पांढरा पांचट बर्फ उरतो. बर्फ पुनःपुन्हा थोडा वितळतो, गोठतो, तेव्हा क्षार आणि आम्लं कणांच्या आतून बाहेर ढकलली जातात आणि कणांच्या अंगावर बसतात. पहिलं पाणी पाझरलं की ती धुऊन घेऊन जातं. नॉर्वेत १९७० च्या दशकात हे मोजलं: पहिल्या ३० टक्के पाण्यातून बर्फातली ५० ते ८० टक्के प्रदूषकं निघून गेली. चार महिन्यांचं आम्ल थोड्या दिवसांत ओढ्यात, आणि नेमकं त्याच वेळी माशांची पिल्लं अंड्यांतून बाहेर आलेली. आम्लानं मातीतलं अॅल्युमिनियम सुटून पाण्यात उतरायचं आणि ते माशांच्या कल्ल्यांवर बसून त्यांचा श्वास कोंडायचा. ट्राउट मासे हजारो तळ्यांतून आणि सामन नद्यांतून कमी झाले किंवा संपले.

आणि तो गंधक नॉर्वेचा नव्हताच. बराचसा ब्रिटन, जर्मनी अशा शेजाऱ्यांच्या कोळशाचा. सल्फर डायऑक्साइड हवेत एक-दोन दिवस टिकतो, पण त्याचं सल्फेट आठवडाभरसुद्धा, म्हणजे हजार किलोमीटर सहज. त्यात लोकांनी उपाय काय काढला, तर चिमण्या उंच करा! गावातला धूर गेला, शेजारच्या देशात पोचला. कॅनडात सडबरीला १९७२ मध्ये निकेलच्या कारखान्यावर ३८१ मीटरची चिमणी उभारली. आपल्या अंगणातला केर झाडून शेजारणीच्या दारात लोटणं हे आपल्याकडच्या बायकांनाही माहीत आहे, पण एवढ्या उंचीवरनं कुणी लोटलं नव्हतं.

'अॅसिड रेन' हा शब्द मात्र जुना. मॅंचेस्टरच्या पावसावर काम करणारे रॉबर्ट अँगस स्मिथ यांनी १८७२ मध्ये तो वापरला. लोकांनी मनावर घ्यायला आणखी शंभर वर्षं गेली. १९७९ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या देशांनी सीमा ओलांडणाऱ्या हवेच्या प्रदूषणावर करार केला.

पतसंस्थेचा कारकून (बुधवार, रात्री १०:५२)

सीमा ओलांडणाऱ्या गोष्टींवर करार होऊ शकतो, हे बेळगावात वाचून बरं वाटलं.

खट्टामिठा (बुधवार, रात्री १०:५३)

धागा भरकटतोय, संचालक बघतायत.

हवालदार (निवृत्त) (गुरुवार, सकाळी ५:४५)

गोळ्याचं उदाहरण एकदम फिट. नातवाला सांगितलं.

उद्यमबागवाला (गुरुवार, सकाळी १०:३०)

फाउंड्रीवाल्यांना कुणी अजून शिव्या दिल्या नाहीत म्हणून आश्चर्य वाटलं. कोकवर (भाजलेल्या कोळशावर) चालणाऱ्या कपोला भट्टीत गंधक असतोच, तो बिडातही नको असतो म्हणून आम्ही कमी गंधकाचा कोक मागतो. हल्ली बरेच जण इंडक्शनवर, म्हणजे विजेच्या भट्टीवर गेलेत. तिथं कोकच नाही. अर्थात वीज कुठून येते ते विचारू नका.

अनगोळचा पोरगा (गुरुवार, दुपारी २:१०)

विचारतोच. विजयपूर जिल्ह्यात कुडगीला २४०० मेगावॅटचं कोळशाचं केंद्र आहे. त्याचा गंधक आपल्याकडं येतोय काय?

रसायनवाल्या बाई (गुरुवार, रात्री ९:३३)

वाऱ्यावर आहे. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, म्हणजे तिकडचं आपल्याकडे यायचं कारण नाही. उलट आपलं तिकडे जाईल. थंडीत वारा पूर्व-ईशान्येचा, तेव्हा पूर्वेकडच्या चिमण्यांची हवा आपल्याकडे येऊ शकते. पण तेव्हा पाऊस नसतो. अपवाद ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाचा, तो जमिनीवरून फिरून आलेल्या हवेचा असतो, आणि दिवाळीच्या फटाक्यांतही गंधक असतोच.

आपल्या देशी कोळशात गंधक कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, राख मात्र भरमसाट. पण अर्धा टक्का म्हणजे टनामागे ५ किलो गंधक, १० किलो वायू, आणि आपण जाळतो ते कोटी कोटी टन. म्हणूनच उपग्रहांच्या मोजणीत भारत चीनला मागे टाकून सर्वांत वर गेला. चीननं आपल्या केंद्रांवर धूर चुन्याच्या निवळीनं धुणारी यंत्रं बसवली. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये तसा नियम आला, दोन वर्षांची मुदत दिली, ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्या यंत्रातून सूटच मिळाली. एक युक्तिवाद असा की आपला कोळसा कमी गंधकाचा आणि आपल्या पावसाला आम्लाचा त्रास नाही. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. पावसाचं मान्य, पण सल्फेटचा तो बारीक कण पावसाच्या आधी कित्येक दिवस हवेत असतो आणि आपल्या फुप्फुसात जातो. तिथे धुळीची गोळी कामाला येत नाही. शिल्लक आणि उलाढाल, कारकून साहेब!

औषध फवारणीवाले काका (शुक्रवार, सकाळी ७:२०)

आता उलटी बाजू ऐका. युरोपात धूर धुतला आणि काही वर्षांनी मोहरीवर्गीय पिकं पिवळी पडायला लागली. गंधकाची कमतरता! इतकी वर्षं आभाळातनं फुकट मिळत होता तो बंद झाला, मग खतातनं घालायची वेळ आली.

आपल्याकडे पण बघा. बाईंच्या मापानं लिटरला १ मिलिग्रॅम सल्फेट धरा, हुक्केरीचा पाऊस ७०० मिलिमीटर धरा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. हेक्टरी ७ किलो सल्फेट, त्यात गंधक तिसरा हिस्सा, म्हणजे एकरी किलोच्या आत. भुईमूग-सोयाबीनला त्यानं काय होतंय? पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेट घालायचे, त्यात ११ टक्के गंधक आपोआप जायचा. आता सगळे डीएपी खतावर, त्यात नाही. फडकरी, भुईमुगाला आऱ्या (जमिनीत शिरून शेंग धरणारे देठ) सुटताना एकरी २०० किलो जिप्सम टाका. गंधक पण, कॅल्शियम पण. आणि काकडीला पुढच्या वेळी गंधक मारायचंच असेल तर सूर्य बुडताना.

फडकरी (शुक्रवार, रात्री ८:१५)

म्हणजे आठ दिवसांपूर्वी गंधकाच्या नावानं भांडायला आलो होतो आणि आता पैसे देऊन आणायचा. हे भारी झालं.

पण पत्र्याचं कुणीच बोललं नाही.

रसायनवाल्या बाई (शुक्रवार, रात्री ९:४०)

पत्र्याबाबत तुमचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. जस्ताच्या पत्र्यावर हवेत एक संरक्षक थर बसतो, कार्बोनेटचा. सल्फर डायऑक्साइड ओल्या पत्र्यावर बसला की तो थर विरघळतो. पाऊस नसला तरी चालतं, दव पुरतं. आणि दव पडतं कधी? डिसेंबर-जानेवारीत, नेमक्या गाळपात. शिवाय दवाचे आणि धुक्याचे थेंब बारीक, त्यामुळे त्यात सगळं दाट असतं, पावसापेक्षा पुष्कळ. गोठ्यातला अमोनिया आणि चुलीचा धूर आतल्या बाजूनं खातो तो वेगळा. आणि बापाच्या वेळचा पत्रा जाड जस्ताचा होता हेही आहेच. पत्रा वरून गेलाय की खालून?

फडकरी (शनिवार, सकाळी ६:५०)

दोन्हीकडनं. पण कारखान्याच्या अंगाचा उतार जास्त.

पॅनमन (शनिवार, सकाळी ७:३०)

ह्याच्यावर मी गप्प बसतो. डिसेंबरात मोजा आणि मला पण सांगा.

अनगोळचा पोरगा (शनिवार, सकाळी ११:००)

मी मोजतो! कॉलेजच्या प्रोजेक्टला विषय पाहिजेच होता. रात्री काचा मांडायच्या, पहाटे दव खरवडून बाटलीत. एक जागा फडकरी अण्णांच्या गोठ्यावर, एक जांबोटीला कुसुमताईंकडे, एक आमच्या गच्चीवर. पट्टी नाही, मीटर आणि सल्फेट दोन्ही. सल्फेट ओळखायला कॉलेजच्या लॅबमध्ये बेरियम क्लोराइड आहे.

जांबोटीची कुसुम (शनिवार, दुपारी १:२०)

या की. पण आमच्याकडं पहाटे दव पाहिजे तेवढं, उठवायला मात्र कुणी येणार नाही.

हवालदार (निवृत्त) (शनिवार, दुपारी ३:०५)

काचा माझ्याकडे आहेत, जुन्या खिडक्यांच्या, सहा. साबणानं धुऊन ठेवतो.

रसायनवाल्या बाई (शनिवार, दुपारी ३:११)

साबण नको, साबण अल्क असतो! डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा, आणि नंतर हात लावायचा नाही.